साडेअठरा लाख सह्या होऊनही ट्रम्प लंडनला आलेच. मग त्या याचिकेने साधलं काय?

मुळामुठा

२०१७ ची ती ब्रिटिश संसदेच्या साइटवरची याचिका बहुतेकांना आठवत असेल. ट्रम्प यांना स्टेट व्हिजिटचा, म्हणजे राणीचे शाही पाहुणे म्हणून येण्याचा, मान देऊ नका, एवढीच मागणी आणि साडेअठरा लाखांवर सह्या. तरी ते २०१८ मध्ये आले, २०१९ मध्ये राणीच्या पंगतीला बसले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये विंडसरला दुसऱ्यांदा शाही पाहुणे झाले. सगळ्या सह्या पाण्यात गेल्या म्हणायच्या का?

विचारायचं कारण असं की इथे, म्हणजे यूकेत, शिकायला आणि नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींत दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. एक, असल्या सह्यांना काडीची किंमत नसते. दुसरी, भारतीय पासपोर्ट असेल तर सही करू नका, मोर्चाच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, व्हिसा जाईल. दोन्ही मला अर्धवट वाटतात.

कुठल्याही वादग्रस्त परदेशी नेत्याची भेट जाहीर झाली की सामान्य माणसाच्या हातात नेमकं काय असतं, ते कुठपर्यंत चालतं आणि कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं. ट्रम्प चांगले की वाईट हा विषय इथे नको. तसले धागे ढिगाने पडलेत.

टेम्सकाठ

आधी एक गल्लत सोडवू. लोक दोन वेगळ्या याचिका एकात कालवतात.

पहिली डिसेंबर २०१५ ची. तेव्हा ट्रम्प नुसते उमेदवार होते आणि मुसलमानांना अमेरिकेत येऊच देऊ नये असं बोलले होते. त्यावर इथल्या लोकांनी 'यांनाच ब्रिटनमध्ये येऊ देऊ नका' म्हणून सह्या केल्या. आकडा ५ लाख ८६ हजारांच्या पुढे गेला आणि १८ जानेवारी २०१६ ला चर्चा झाली. ही मागणी कायद्यात बसणारी होती. एखाद्या परदेशी माणसाचं येणं सार्वजनिक हिताचं नाही असं ठरवून गृहमंत्री त्याला बाहेर ठेवू शकतात. डच खासदार खेर्त विल्डर्स यांना फेब्रुवारी २००९ मध्ये हीथ्रोवरूनच परत पाठवलं होतं. ऑक्टोबरमध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ते येऊन गेले, ती गोष्ट वेगळी.

दुसरी याचिका २०१७ ची. खरं तर ती नोव्हेंबर २०१६ पासून साइटवर निपचित पडून होती. २७ जानेवारी २०१७ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी वॉशिंग्टनमध्ये राणीचं निमंत्रण जाहीर केलं आणि त्याच दिवशी ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा आदेश काढला. तीन दिवसांत सह्या दहा लाखांवर. आता या याचिकेचा मजकूर नीट वाचा. त्यांना देशात येऊ देऊ नका असं त्यात कुठेही नाही. सरकारचे प्रमुख म्हणून त्यांनी यायला हरकत नाही, पण स्टेट व्हिजिट नको, त्याने राणीची पंचाईत होईल, असं लिहिलं होतं. म्हणजे जुलै २०१८ ची कामकाजाची भेट याचिकेच्या विरोधात जातच नाही. 'तरी आलेच' असं म्हणून ती याचिका फसली असं ठरवणारे बहुतेकजण मजकूर न वाचता बोलतात.

आता यंत्रणा. आपल्याकडे याचिका म्हटलं की हायकोर्ट डोळ्यांपुढे येतं. ही तशी नाही. हे निवेदन आहे, फक्त त्याला ठरलेल्या पायऱ्या आहेत.

सही कोण करू शकतं? ब्रिटिश नागरिक किंवा यूकेत राहणारा कुणीही. राष्ट्रीयत्वाची अट नाही. विद्यार्थी व्हिसावरचा माणूस सही करू शकतोच, नवीन याचिका सुरूही करू शकतो. याचिका सुरू करणाऱ्याचं नाव जाहीर दिसतं, सही करणाऱ्यांची नावं दिसत नाहीत. बाहेर दिसतो तो फक्त मतदारसंघवार आकडा.

सुरू करायची असेल तर आधी पाच समर्थक लागतात. मग संसदेचे कर्मचारी मजकूर तपासतात, त्यानंतर ती सहीसाठी खुली होते. मुदत सहा महिने. मध्येच संसद विसर्जित झाली तर सगळ्या याचिका त्याच दिवशी बंद.

१०,००० सह्यांवर सरकार लेखी उत्तर देतं. १,००,००० सह्यांवर याचिका समिती चर्चेचा विचार करते. 'विचार करते' हे शब्द महत्त्वाचे आहेत, चर्चेचं वचन नाही, पण एवढ्या सह्या असल्या की बहुधा चर्चा होते. ती सहसा सोमवारी दुपारी साडेचारला, जास्तीत जास्त तीन तास. शेवटी 'सभागृहाने या याचिकेचा विचार केला' एवढाच ठराव. सरकारवर बंधन शून्य.

चुका कुठे होतात ते सांगतो. सर्वांत मोठी गळती ईमेलमध्ये. सही केल्यावर पुष्टीची लिंक येते, ती स्पॅममध्ये जाते, लोक दाबत नाहीत आणि सही मोजलीच जात नाही. दुसरी चूक म्हणजे त्याच मागणीची दुसरी याचिका काढणं. ती 'आधीच अशी एक आहे' म्हणून नाकारली जाते आणि दोन-तीन दिवसांचा जोर वाया जातो. तिसरी चूक मजकुराची. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात आणि एकदा समर्थक जोडले गेले की शब्द बदलता येत नाहीत. 'निषेध करा', 'लाज वाटली पाहिजे' असलं लिहून उपयोग नाही. सरकारने किंवा संसदेने नेमकं काय करावं ते लिहावं लागतं. आणि सह्या फुगवण्याच्या फंदात पडू नये. २०१६ मध्ये 'ब्रेक्झिटवर दुसरं सार्वमत घ्या' या याचिकेतून ७७,००० खोट्या सह्या काढून टाकल्या होत्या. मग विरोधकांना बाकीच्या चाळीस लाखांवरही बोट ठेवायला जागा मिळाली.

भेट व्हावी अशा उलट्या याचिकेवरही तीन लाखांवर सह्या होत्या, हे कुणी सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१७ ला दोन्हींवर एकत्रच चर्चा झाली.

चौकसबाई

टेम्सकाठ, सरकारचं उत्तर चर्चेच्या आधीच आलं होतं ना? 'लोकांच्या भावना कळल्या, पण निमंत्रण कायम' अशा अर्थाचं. मग चर्चा म्हणजे वरातीमागून घोडं. आणि निमंत्रण कायम होतं तर भेटीला सव्वादोन वर्षांच्या वर का लागली?

जुनाखलाशी

हो, उत्तर १४ फेब्रुवारीला, चर्चा २० ला. कागदावर वरातीमागून घोडंच. पण चौकसबाईंच्या दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे.

भेटींचे प्रकार आधी समजून घ्या, कारण सगळी झोंबाझोंबी त्यावरच झाली. स्टेट व्हिजिट म्हणजे राष्ट्रप्रमुख राजाचा किंवा राणीचा पाहुणा असतो. निमंत्रण राजाच्या नावाने जातं, पण सल्ला सरकारचा. मानवंदना, तोफांची सलामी (लंडनच्या शाही उद्यानात ४१), मोठी मेजवानी, भाषणं. कामकाजाची भेट म्हणजे पंतप्रधानांशी बैठक, पत्रकार परिषद, आणि निघा. पंतप्रधान हे राष्ट्रप्रमुख नसतात, म्हणून आपल्या पंतप्रधानांना इथे स्टेट व्हिजिट मिळत नाही. मोदी नोव्हेंबर २०१५ मध्ये आले तेव्हा ती स्टेट व्हिजिट नव्हती, तरी संसदेच्या रॉयल गॅलरीत त्यांचं भाषण झालं. म्हणजे संसदेत भाषण आणि स्टेट व्हिजिट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. (त्याच दौऱ्यात ते प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडवर गेले होते. बाबासाहेब विद्यार्थीदशेत राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी विकत घेतलेलं. आणि त्याच आठवड्यात संसदेच्या भिंतीवर प्रकाशझोताने मोदींविरोधातली घोषणाही झळकली होती. स्वागत आणि निषेध इथे नेहमी शेजारी-शेजारी नांदतात.)

आता २०१७. परराष्ट्र खात्याचे माजी सचिव पीटर रिकेट्स यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून जो मुद्दा काढला तो घाईचा होता. शपथ घेऊन आठवडा झालेला असताना स्टेट व्हिजिट कशाला, याने राणी अडचणीत येते. बुश २००१ च्या जानेवारीत पदावर आले, त्यांची स्टेट व्हिजिट नोव्हेंबर २००३ मध्ये. ओबामा जानेवारी २००९, स्टेट व्हिजिट मे २०११, म्हणजे २८ महिने. आणि ट्रम्प? पदावर जानेवारी २०१७, स्टेट व्हिजिट ३ ते ५ जून २०१९. मोजा. तेही २८ महिने आणि वर थोडे दिवस. 'घाई नको' हा आक्षेप होता, आणि निमंत्रण मागे न घेताच ती घाई गळून पडली. ट्रम्प शेवटी ओबामांच्याच वेळापत्रकाने आले.

मधल्या काळात काय झालं? जानेवारी २०१८ मध्ये लंडनच्या नाइन एल्म्स भागातल्या अमेरिकेच्या नव्या वकिलातीचं उद्घाटन करायला ते येणार होते, ते ट्विट करून रद्द केलं. कारण दिलं की ओबामा सरकारने ग्रोव्हनर स्क्वेअरची जुन्या वकिलातीची जागा मातीमोल विकली. वकिलात हलवायचा निर्णय ऑक्टोबर २००८ चा, म्हणजे बुश यांच्या काळातला. निदर्शनांची धास्ती होती असं इथली वर्तमानपत्रं लिहीत राहिली. ते सिद्ध कुणी केलं नाही.

मग १२ ते १५ जुलै २०१८ ला कामकाजाची भेट. कार्यक्रमाचा नकाशा बघा: जेवण ब्लेनहाइम राजवाड्यात, चर्चा चेकर्सला (पंतप्रधानांचं गावाकडचं निवासस्थान), राणीची भेट विंडसरला, शनिवार-रविवार स्कॉटलंडमध्ये टर्नबेरीला, ट्रम्प यांच्याच गोल्फ रिसॉर्टवर. सगळी लंडनबाहेरची ठिकाणं. लंडनमधला मुक्काम रीजंट्स पार्कच्या विनफिल्ड हाउसमध्ये, म्हणजे अमेरिकी राजदूतांच्या निवासस्थानी, जाणं-येणं हेलिकॉप्टरने. १३ तारखेला मध्य लंडनच्या रस्त्यांवर तुडुंब गर्दी होती आणि पाहुणे त्या रस्त्यांवर आलेच नाहीत. देशभरातून जवळपास दहा हजार पोलीस ड्यूटीला लावले होते.

आणि संसदेतलं भाषण. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये परदेशी पाहुण्याचं भाषण ठेवायचं तर तीन किल्लीधारक राजी लागतात: कॉमन्सचे (कनिष्ठ सभागृहाचे) सभापती, लॉर्ड्सचे (वरिष्ठ सभागृहाचे) सभापती आणि लॉर्ड ग्रेट चेंबरलेन (संसद भवनातले राजाचे प्रतिनिधी). ६ फेब्रुवारी २०१७ ला कॉमन्सचे सभापती जॉन बर्को यांनी आसनावरून सांगून टाकलं की या भाषणाला माझा विरोध राहील. एक किल्ली अडली की दार बंद. ओबामा २०११ मध्ये तिथे बोलले होते. ट्रम्प २०१९ मध्ये आले तेव्हा संसदेत बोलले नाहीत. सह्यांचा ढीग पंतप्रधानांच्या दारात पडला होता, पण जे थांबलं ते एका किल्लीधारकामुळे. म्हणून पुढच्या वेळी नुसतं 'सरकारने' असं न म्हणता कुणाच्या हातात कुठली किल्ली आहे ते शोधून तिथे पत्र पाठवा.

एक बारीक खुलासा. याचिकेवरची चर्चा 'वेस्टमिन्स्टर हॉल डिबेट' म्हणून ओळखली जाते, पण ती त्या पुरातन भव्य हॉलमध्ये होत नाही. शेजारच्या ग्रँड कमिटी रूममध्ये होते. 'ज्या हॉलमध्ये ट्रम्पना बोलू दिलं नाही त्याच हॉलमध्ये त्यांच्यावर चर्चा झाली' असे मेसेज फिरतात, ते चूक.

खडूस_सातारकर

जुनाखलाशींचं गणित छान आहे, पण श्रेय वाटताना हात सैल सुटलाय.

२०१९ मध्ये ट्रम्प बकिंगहॅम राजवाड्यात मुक्कामाला नव्हते हा निदर्शकांचा विजय म्हणून सांगितला जातो. राजवाड्याचं मोठं नूतनीकरण तेव्हा चालू होतं. वायरिंग, पाइप, हीटिंग, सगळं बदलायचं दहा वर्षांचं काम, खर्च ३६.९ कोटी पौंड. २०२५ मध्ये विंडसर निवडलं म्हणून 'लंडनला घाबरले' म्हणतात. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉं यांचीही स्टेट व्हिजिट विंडसरलाच झाली. त्यांच्याविरुद्ध कुठल्या सह्या झाल्या होत्या?

संसदेतल्या भाषणाचंही तसंच. मॅक्रॉं रॉयल गॅलरीत बोलले, ट्रम्प बोलले नाहीत, हा फरक खरा. पण १७ ते १९ सप्टेंबरला पक्षांच्या अधिवेशनांसाठी संसदेला सुट्टी होती. आता तारखाच अशा निवडल्या की प्रश्न उद्भवू नये, असा तर्क करता येतो आणि तो मलाही पटण्यासारखा वाटतो. मात्र तर्काला पुरावा म्हणू नका.

विंडसरला एक गोष्ट नक्की वेगळी झाली. मिरवणुकीची बग्गी किल्ल्याच्या आवारातून फिरली. सार्वजनिक रस्ता नाही, म्हणजे रस्त्याकडेला हुर्यो करणाराही नाही. मोठी निदर्शनं लंडनमध्येच झाली. १७ तारखेचा मोर्चा पोर्टलंड प्लेसवरून पार्लमेंट स्क्वेअरला गेला, पाहुण्यांपासून तीसेक किलोमीटर लांब. याला यश म्हणायचं की अपयश ते ज्याचं त्याने ठरवावं.

कलम_अकरा

कायदा आणि व्हिसा यावर लिहितो. मुळामुठा यांचा प्रश्न मुळात तिथे आहे आणि अफवा सगळ्यात जास्त तिथेच आहेत. हे इंग्लंड-वेल्सपुरतं, स्कॉटलंडचं शेवटी.

मोर्चा आणि एका जागची निदर्शनं यांना वेगळे नियम आहेत. चालत जाणारा मोर्चा असेल तर पब्लिक ऑर्डर अॅक्ट १९८६ च्या कलम ११ प्रमाणे पोलिसांना लेखी सूचना द्यावी लागते: तारीख, सुरू होण्याची वेळ, मार्ग आणि एका आयोजकाचं नाव-पत्ता. मध्ये पूर्ण सहा दिवस मोकळे हवेत, म्हणजे शनिवारच्या मोर्चाची सूचना आधीच्या शनिवारपर्यंत पोचली पाहिजे. रविवारी दिली तर पाचच दिवस उरतात, आणि नवखे इथेच चुकतात. घटना अचानक घडली असेल तर 'शक्य तितक्या लवकर' चालतं. ही सूचना आहे, परवानगी नव्हे. आपल्याकडे पोलीस परवानगी नाकारतात तसं इथे मोर्चाला सरसकट नाही म्हणता येत नाही. बंदीसाठी वेगळी आणि क्वचित वापरली जाणारी तरतूद आहे. एका जागी उभं राहून निदर्शनं करायची असतील तर सूचनाही लागत नाही.

पण पोलीस अटी घालू शकतात, मोर्चावर कलम १२ खाली, जागच्या निदर्शनांवर कलम १४ खाली. मार्ग, वेळ, जागा, आणि २०२२ पासून आवाजसुद्धा. त्याच वर्षी एक बदल झाला तो लोकांना माहीतच नाही. पूर्वी अट माहीत असून मोडली तरच गुन्हा होता. आता 'माहीत असायला हवी होती' एवढंही पुरतं. म्हणून निघण्याआधी पोलिसांचं एक्स खातं आणि साइट बघा, तिथे नकाशासकट अटी टाकतात. अट मोडणाऱ्या साध्या सहभागी माणसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोजकाला कैदही.

जागेप्रमाणे नियम बदलतात. पार्लमेंट स्क्वेअरच्या हिरवळीवर आणि ट्रफॅल्गर स्क्वेअरला कार्यक्रम करायचा तर ग्रेटर लंडन ऑथॉरिटीकडे अर्ज. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये परवानगीशिवाय भोंगा, लाउडस्पीकर, तंबू, झोपायचं सामान चालत नाही (२०११ चा कायदा). हातातला छोटा मेगाफोनही यात येतो, आणि तोच लोक बिनधास्त घेऊन जातात. हाइड पार्क, रीजंट्स पार्क ही शाही उद्यानं, त्यांची परवानगी निराळी. विंडसर किल्ला, बकिंगहॅम राजवाडा, डाउनिंग स्ट्रीट या संरक्षित जागा आहेत. कुंपणापलीकडे पाऊल टाकलं तर नुसतं घुसणं हाच गुन्हा, आत जाऊन काही करायची गरज नाही.

पिशवीत काय आहे याकडे लक्ष द्या. २०२३ च्या पब्लिक ऑर्डर अॅक्टने स्वतःला कशाला तरी जखडून घेणं हा गुन्हा केला आणि त्या उद्देशाने सामान बाळगणंही. साखळी, सुपरग्लू, केबल टाय, जाड कुलूप घरी ठेवा. राजाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ मे २०२३ ला, राजेशाहीविरोधी गटाच्या सहाजणांना फलक बांधायच्या पट्ट्यांवरून पकडलं होतं. नंतर कारवाई सोडून दिली आणि पोलिसांनी खेद व्यक्त केला. पण तोवर मिरवणूक संपली होती आणि ते कोठडीत होते.

आता व्हिसा. कायदेशीर निदर्शनांत भाग घेणं हा कुठल्याही व्हिसाचा भंग नाही. याचिकेवरची सही तर नाहीच नाही. धोका सुरू होतो तो गुन्ह्याच्या नोंदीपासून. नुसती अटक आणि नंतर सोडून दिलं, यात शिक्षा झालेली नसते. पण खटला चालू असेल, शिक्षा झाली असेल किंवा 'कॉशन' (गुन्हा कबूल करून पोलिसांकडून मिळणारी औपचारिक ताकीद) घेतलेलं असेल तर पुढच्या अर्जात ते सांगावं लागतं. बारा महिने किंवा जास्त कैद झाली तर अर्ज नाकारलाच जातो. त्याहून कमी शिक्षेत किंवा नुसत्या कॉशनमध्ये नाकारायचा अधिकार त्यांच्याकडे असतो, वापरतीलच असं नाही.

आणि इथेच सगळ्यात महाग चूक होते. ठाण्यात रात्री दोन वाजता अधिकारी गोडीत म्हणतात, 'कॉशन घ्या आणि घरी जा.' माणूस दमलेला असतो, सही करतो. कॉशन म्हणजे गुन्ह्याची कबुली. ती नोंदली जाते. ठाण्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याच्याशी बोलल्याशिवाय कशावरही सही नको. तो फुकट आहे म्हणून हलका समजू नका, पण त्याला 'माझा व्हिसा आहे' हे आपण होऊन सांगा. फौजदारी वकिलाच्या ते डोक्यात येईलच असं नाही. आणि नंतर अर्जात लपवाछपवी करू नका. मूळ प्रकरण किरकोळ असतं, पण फसवणूक ठरली तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात.

फिकट निळ्या जाकिटातले पोलीस दिसतील, ते संवाद अधिकारी. गप्पिष्ट असतात, चहापाण्याचं विचारतात. बोलायला हरकत नाही, पण ते पोलीसच आहेत आणि ऐकलेलं लक्षात ठेवतात.

स्कॉटलंडमध्ये मोर्चाची सूचना सहा दिवस नव्हे, २८ दिवस आधी, आणि ती स्थानिक काउन्सिलला. लंडनचा अनुभव घेऊन टर्नबेरी किंवा एडिनबराला जाणारे इथेच अडकतात.

चौकसबाई

उत्तम माहिती. भारतीय पासपोर्टवाल्याने खासदाराला पत्र लिहिलं तर तो उत्तर देतो का? की मत नाही म्हणून कचऱ्यात? आणि २०१८ च्या निदर्शनांतला तो ट्रम्प-बाळाचा फुगा, त्याला परवानगी कुणी दिली होती?

टेम्सकाठ

मत नाही कसं? भारत राष्ट्रकुलात आहे. वैध व्हिसावर यूकेत राहणारा भारतीय नागरिक इथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो आणि संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. युरोपीय संघाच्या (इयू) नागरिकांना संसदेसाठी ते मिळत नाही (आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून), आपल्याला मिळतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. आपली बरीच मंडळी नोंदणीच करत नाहीत.

खासदाराला लिहिताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाका. इथला रिवाज असा की खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या माणसाला उत्तर देतो. पोस्टकोड नसला की पत्र बाजूला पडतं. शिवाय तयार मसुदा चिकटवून पाठवलेल्या दोनशे ईमेलना एकच ठोकळेबाज उत्तर जातं. स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, उदाहरणार्थ 'तुम्ही त्या चर्चेत बोलणार का', तर त्याला टाळता येत नाही.

जुनाखलाशी

फुग्याचं सांगतो. लंगोटातलं रडकं बाळ, उंची सहा मीटर, पैसे लोकवर्गणीतून. १३ जुलै २०१८ ला सकाळी साडेनऊ ते साडेअकरा असा दोन तास पार्लमेंट स्क्वेअरवर दोरीने बांधून उडवला. महापौरांच्या कार्यालयाने आधी 'ही कला नाही' म्हणून खळखळ केली, मग निषेधाचा प्रकार म्हणून मान्यता दिली. पण तेवढ्याने भागत नव्हतं. मध्य लंडनवरच्या हवाई निर्बंधांमुळे हवाई वाहतूक नियंत्रण आणि पोलिसांचीही संमती लागली. परवानगी जमिनीची वेगळी आणि आकाशाची वेगळी, हे ड्रोन उडवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं. टर्नबेरीवर तोच फुगा उडवायला स्कॉटिश पोलिसांनी नकार दिला. तिथे त्याच शुक्रवारी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचा एकजण पॅराग्लायडरने फलक घेऊन गोल्फच्या मैदानावरून गेला आणि त्याला अटक झाली.

जून २०१९ मध्ये फुगा पुन्हा आला तेव्हा एका बाईने त्याला धारदार वस्तूने भोसकलं, तिलाही पोलिसांनी धरलं. निषेधाच्या वस्तूची नासधूस हाही गुन्हाच. २०२१ पासून तो लंडनच्या संग्रहालयाच्या ताब्यात आहे.

खडूस_सातारकर

प्रकाशझोताचं राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये विंडसर किल्ल्याच्या बुरुजावर ट्रम्प यांची छायाचित्रं झळकवणाऱ्या चौघांना अटक झाली, कलम लावलं ते द्वेषबुद्धीने संदेश पाठवण्याचं. संसदेच्या भिंतीवर असले झोत वर्षानुवर्षं पडतायत आणि कुणी फारसं विचारत नाही. भिंतीवर प्रकाश टाकायला स्वतंत्र बंदी नाही, म्हणून पोलीस जागा आणि प्रसंग बघून हाताला लागेल ते कलम लावतात. 'लंडनमध्ये चाललं होतं' हा बचाव विंडसरला धरून चालू नका, विशेषतः व्हिसावर असाल तर.

मुळामुठा

सगळ्यांचे आभार. कलम_अकरा, एक शंका उरली. मोर्चात सामील न होता नुसतं फुटपाथवर उभं राहून बघणारा कलम १२ च्या अटींत येतो का?

कलम_अकरा

अटी मोर्चात भाग घेणाऱ्यांवर असतात, बघ्यांवर नाही. पण तुम्ही फलक धरून उभे असाल तर बघे राहत नाही, आणि दोन किंवा जास्त माणसं जमली की कलम १४ च्या व्याख्येत ती सभा होते. पोलिसांनी 'इथून हला' म्हटलं तर वाद न घालता एकच विचारा: 'कुठल्या कलमाखाली?' उत्तर वेळेसकट फोनवर टिपून ठेवा, आणि हला.